हुंकाराला कोन हाय?

गेल्या शनिवारी मी भरल्या सभागृहात स्टेजवर चढले आणि आमच्या मॅडमच्या पुतण्याच्या हातातला कागद ओढून घेतला, हे खरं आहे. कागद फाटला, हेही खरं आहे. त्यापुढचं मात्र कारखान्यात जो तो आपल्या सोयीनं सांगतोय. शिलाईच्या टेबलावरची निंगव्वा सांगते, मी त्याच्या थोबाडीत दिली. पॅकिंगमधल्या बायका म्हणतात, मी स्टेजवर रडले. मी कोणाला मारलं नाही आणि रडलेही नाही. राग आला की मला रडू येत नाही, माझी घडणच तशी आहे. तेव्हा काय झालं ते आता मीच सांगते, म्हणजे बाकीच्यांना तोंडाची वाफ दवडायला नको.

मी मायाक्का. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खातं बघते. एकोणीस वर्षं झाली. आधी मशीनवर बसून टॉवेलच्या कडा दुमडत होते, आता दुमडणाऱ्यांवर ओरडते. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू असतात, त्यामुळं ओरडल्याशिवाय इथं कोणाचं कोणाला ऐकूच जात नाही. सिद्धेश्वरी मॅडम म्हणजे आमच्या मालकीणबाई. बाई वाईट नाहीत. दिवाळीला साडी देतात, पोरीच्या शाळेची चौकशी करतात. वाईट असत्या तर माझं काम सोपं झालं असतं.

आता आईचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी सुरू होतं. आई म्हणजे गोजाबाई. सांगोल्याकडं आमचं गाव, घरात मेंढरं. आईला गोष्टी येतात. पुस्तकातल्या नाहीत, सासूकडून आलेल्या, सासूला तिच्या सासूकडून आलेल्या. ती गोष्ट लावायला बसली की समोर आबा बसायचे, तात्याबा, माझे वडील. आई एक वाक्य बोलायची आणि थांबायची. आबा म्हणायचे, "हं." मग पुढचं वाक्य. याला हुंकार म्हणतात. हुंकार देणारा नसेल तर गोष्ट लावायचीच नाही, अशी आमच्या घरातली रीत. हुंकार आला म्हणजे ऐकणारा बरोबर चालतोय. नाही आला, तर तो माळावर मागं राहिला, आणि मागं राहिलेल्याला टाकून पुढं जायचं नाही. मेंढराला नाही टाकत, तर माणसाला कसं टाकायचं, असं आई म्हणते.

कोणी म्हणेल, 'हं' म्हणायला काय अक्कल लागते? लागते. आबांचा 'हं' कधी लांब असायचा, कधी तुटका, कधी प्रश्न विचारल्यासारखा वर जाणारा. आईची एक गोष्ट होती, हरवलेलं कोकरू शोधत माळावर हिंडणाऱ्या बाईची. ती बाई वाटेत भेटेल त्याला विचारते, बाभळीला, ओढ्याला, घोरपडीला. आबांनी 'हं' लांबवला की बाई आणखी एका झाडाकडं जायची. तुटका दिला की लांडगा यायचा. त्यामुळं ती गोष्ट कधी भाकरी भाजून होईपर्यंत संपायची, तर कधी तीन मुक्काम पुरायची. माझा थोरला भाऊ साप चावून गेला, त्या साली आई कोकरू सापडूच देत नव्हती. आबा समोर बसून 'हं' लांबवत राहायचे. आई विचारील तितकी झाडं त्यांनी तिला दिली. लोक म्हणायचे, गोजाबाईची गोष्ट. ती एकट्या गोजाबाईची कधीच नव्हती, आणि हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. एवढं लक्षात ठेवा.

दोन वर्षांमागं आबा गेले. मेंढरं चुलत्याकडं दिली, आई माझ्याकडं सोलापुरात आली आणि गप्प झाली. एकदा माझ्या पोरीनं, राजनंदिनीनं, गोष्ट सांग म्हणून तिच्या मागं लकडा लावला. आई सरसावून बसली, पहिलं वाक्य बोलली आणि थांबली. राजनंदिनी मोबाईलवरून मान वर न काढता म्हणाली, पुढं काय? आई म्हणाली, पुढं काही नाही. मी स्वयंपाकघरात होते. काय झालं ते मला तिथंच कळलं. बाहेर येऊन समोर बसायला हवं होतं, पण कुकरची शिट्टी व्हायची होती, आणि अशा वेळी कुकर फार उपयोगी पडतो.

तेव्हापासून तिनं गोष्टीचं नाव काढलं नाही. मेंढराशी, कुत्र्याशी, येणाऱ्याजाणाऱ्याशी दिवसभर बडबडणारी बाई दिवसाकाठी पाच वाक्यं बोलायची, त्यातली दोन 'जेवलीस का' असायची. आबांमागं गोष्टही गेली तर आई नुसती जेवणारी आणि झोपणारी म्हातारी होईल, अशी भीती मला बसली होती. मला ती परत बोलायला हवी होती. बस, एवढंच मला हवं होतं.

मॅडम आणि त्यांचं महिला मंडळ दरवर्षी काही ना काही करतात. यंदा त्यांनी लहान-थोरांचा गोष्टमेळा ठरवला, शनिवार-रविवार, दोन दिवस. पोरं, पालक, आजी-आजोबा, सगळ्यांनी यायचं, ज्याला येते त्यानं गोष्ट सांगायची. माझी आई गोष्टी सांगते हे मॅडमच्या कानावर गेलं होतं. त्यांनी विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. मग फॉर्म आला. वेळ सात मिनिटं, मग घंटा. गोष्ट आधी लिहून द्यायची, प्रत सूत्रसंचालकाकडं राहणार. आणि शेवटी एक चौकोन, तात्पर्य लिहायला.

मी सुट्टीच्या दिवशी बसून गोष्ट लिहिली. आईला विचारलंही नाही, मला येते म्हणून लिहिली. 'हुतं' होतं तिथं 'होते' केलं. समोर लहान मुलं असणार म्हणून लांडगा काढून टाकला. कोकरू सापडलं, असं माझं मीच ठरवलं. चौकोनात लिहिलं, आईच्या मायेला सीमा नसते. अक्षर बघून राजनंदिनीसुद्धा म्हणाली, मम्मी, भारी. त्या अख्ख्या पानावर 'हं' एकदाही नव्हता. कागदावर 'हं' कशाला लिहायचा, असं मला वाटलं. आज त्या लिहिणाऱ्या बाईला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

आई आधी तयार नव्हती. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, म्हणाली. मी म्हटलं, मामा आता मोबाईलमध्ये बघून जातो, चुकत नाही. ती हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. मग तिनं एकच विचारलं.

"हुंकाराला कोन हाय?"

मी म्हटलं, "हॉलभर मानसं असत्याल आये, कुनीतरी दील की."

तिनं परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

शनिवारी अकराला आम्ही पोचलो. पिवळे टी-शर्ट घातलेल्या पोरी हातात पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन उभ्या होत्या, पाट्यांवर 'शांतता राखा'. मॅडमचा पुतण्या शरणबसव सूत्रसंचालन करत होता. पोरगं गोरंगोमटं, बोलणं गोड, कॉलेजात बक्षिसं मिळवलेलं. त्यानं आधीच सगळ्यांना बजावलं, मोबाईल बंद ठेवा, मुलं रडली तर बाहेर न्या, गोष्ट चालू असताना कोणी आवाज करायचा नाही, सांगणाऱ्याची लय मोडते. आईच्या आधी जाकीट घातलेले एक गृहस्थ होते. त्यांनी घोड्याचे आवाज काढले, पावसाचा काढला, मागं पेटी वाजत होती. सभागृह चिडीचूप, शेवटी टाळ्या. मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारी राजनंदिनी, तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी आणि त्यांच्या वर्गशिक्षिका. पहिल्या रांगेत मॅडम.

आईचं नाव पुकारलं. ती गेली, ठेवलेल्या खुर्चीवर न बसता खाली बसली, तशी दोन पोरं धावत माइक खाली करायला आली. आईनं पदर सारखा केला आणि समोरच्या रिकाम्या फरशीकडं बघितलं. तिथं माणूस बसतो, तिच्या हिशेबानं. मग मान वर करून तिनं सभागृहाकडं बघितलं आणि म्हणाली, "एक हुतं माळरान."

आणि थांबली.

तीनशे माणसं होती आणि एक आवाज नाही. कारखान्यात वीज गेली तरी इतकं शांत होत नाही. माझं तोंड उघडलं होतं. 'हं' घशापर्यंत आला होता. राजनंदिनीनं माझा हात दाबला. मी तोंड मिटलं.

आईला वाटलं, ऐकू गेलं नसेल. ती माइककडं थोडी सरकली आणि परत म्हणाली, "एक हुतं माळरान." या वेळी तिनं डावीकडून उजवीकडं सगळ्या रांगा बघितल्या. लोक तिच्याकडं बघून कौतुकानं हसत होते. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिचा आवाज खाली गेला होता. मागून कोणीतरी बिचारी म्हटलेलं मी ऐकलं. बिचारी! जिच्या गोष्टीसाठी दुसऱ्या वाड्यावरची माणसं दोन कोस चालत यायची ती बिचारी, आणि खुर्चीला चिकटून बसलेले हे शहाणे.

शरणबसव हसत हसत पुढं आला. आजी जरा घाबरल्यात, म्हणाला, जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. टाळ्या झाल्या. आईला टाळ्या नको होत्या. तिला एक माणूस हवा होता. टाळ्या थांबल्यावर ती परत वाट बघत बसली. तेव्हा त्यानं खिशातून माझा कागद काढला. काळजी करू नका आजी, मी सुरुवात करून देतो, असं म्हणून त्यानं वाचायला घेतलं. आई पुढं काही बोलेना, म्हणून तो वाचतच गेला. एक माळरान होते. त्या माळरानावर एक बाई राहत होती. आवाजाचे चढउतार करून, हातवारे करून, कुठंही न थांबता त्यानं दोन मिनिटांत कोकरू शोधून दिलं आणि तात्पर्यही वाचलं. आई मान तिरकी करून ऐकत होती.

मग तिनं हळू विचारलं, "ह्ये कुनी लिव्हलं?"

तो माइकवर म्हणाला, "तुमच्याच लेकीनं, आजी. किती सुंदर लिहिलंय बघा."

आईनं तिसऱ्या रांगेकडं बघितलं.

त्यानंतर मी स्टेजवर कशी पोचले ते मला आठवत नाही. कागद ओढला तेवढं आठवतं. आणि मी काय बोलले तेही आठवतं, कारण माइक चालू होता आणि माझाच आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडं परत येत होता.

"ती इसारलेली न्हाय. ती थांबलीया. ह्यवढ्या मानसांत एकाला 'हं' म्हनता येत न्हाय? मुडदी बसल्याती व्हय समदी?"

हे मी बोलले. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. निंगव्वाला सांगा.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. चिडल्या नाहीत, हेच वाईट झालं. अगं एवढंच होतं तर आधी सांगायचं, असं अगदी मायेनं म्हणाल्या आणि शरणबसवला त्यांनी खूण केली. पोरगं हुशार, लगेच माइक घेऊन पुढं. चला मुलांनो, आजी थांबल्या की आपण सगळ्यांनी काय म्हणायचं? आणि सगळं सभागृह एका दमात 'हं' ओरडलं. पोरांना तर खेळच सापडला. आई अजून काही बोललीच नव्हती, तरी दुसऱ्यांदा ओरडली, तिसऱ्यांदा ओरडली. कोणीतरी म्हशीसारखा आवाज काढला आणि हशा पिकला. मॅडम आता पुतण्याला कानडीत साकु, साकु म्हणून थांबवत होत्या. पण एकदा सुटलेली पोरं अशी थांबतात होय?

आई उठली. तिनं सभागृहाला हात जोडले, अगदी मनापासून जोडले, आणि भिंत धरून एकेक पायरी उतरली. खाली तिला शाल आणि नारळ दिला. शाल तिनं घेतली नाही. नारळ घेतला, नारळाचं काय चुकलं होतं?

बाहेर पायऱ्यांवर मॅडमनी मला गाठलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, तोंडावरून दिसत होतं. म्हणाल्या, मायाक्का, जुन्या गोष्टी जपायच्या तर नव्या स्टेजशी जुळवून घ्यावं लागतं, आणि एवढ्याशा 'हं'वरून इतकं रामायण करायचं नसतं. मी म्हटलं, मॅडम, नुसत्या उभ्या धाग्यांवर तुमचा टॉवेल निघतो का? आडवा धागा नको का?  सोमवारी बघू, एवढंच म्हणून त्या आत गेल्या. त्या सोमवारी काय बघणार होत्या ते मला माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी पर्वाही नव्हती.

रिक्षात मी सगळ्यांना सोलून काढलं. शरणबसवला, त्या म्हैस झालेल्या पोराला, महिला मंडळाला, घोडा झालेल्या जाकीटवाल्याला, ज्याचा काहीच दोष नव्हता. आई मांडीवर नारळ घेऊन बाहेर बघत होती. मग राजनंदिनीची पाळी आली. तुला आज्जीची लाज वाटली, म्हटलं. मैत्रिणी काय म्हणतील म्हणून तू माझा हात दाबलास. नववीत गेलीस म्हणजे लई मोठी झालीस काय?

पोरगी आधी ऐकून घेत होती. मग तिच्या आईवर गेलेली असल्यामुळं तिनं ऐकून घेणं सोडलं.

"हात दाबला मम्मी," ती म्हणाली. "तोंड नव्हतं दाबलं."

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. मी त्याच्यावरही डाफरले, पुढं बघून चालव म्हणून.

घरी आल्यावर आईनं लुगडं बदललं, नारळ फोडला आणि चटणीला खोवायला बसली. मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. थापत कसली, मारत होते. तोंडाचा पट्टा चालूच होता. शिकलेली माणसं, म्हटलं, गोष्टीचा मेळा भरवतात आणि गोष्ट ऐकायची कशी ते कळत नाही.  मग आई खोवणं न थांबवता म्हणाली, "त्येनला म्हाईत न्हवतं. ज्येला म्हाईतच न्हाय त्येच्यावर कशाला रागावतीस?"

मी भाकरी तव्यावर टाकली. पुढचं वाक्य काय येणार ते मला कळलं होतं.

"तुला म्हाईत हुतं की," आई म्हणाली.

मग तर माझ्याजवळ हजार कारणं होती. पहिल्या रांगेत मालकीणबाई होत्या. पोरीच्या बाई शेजारी होत्या. पाटी होती, आवाज करू नका म्हणून. आणि खरं कारण यातलं एकही नव्हतं. एकोणीस वर्षं मी या शहरात माळावरची दिसणार नाही यासाठी जिवाचं रान केलं. बोलणं बदललं, साडी नेसण्याची तऱ्हा बदलली. तीनशे माणसांत धनगरणीसारखा 'हं' काढला तर सगळ्या माना वळतील, म्हणून मी माझ्या आईला तीनदा एकटी सोडली. नंतर ओरडायला मात्र स्टेजवर चढले. ओरडायला काय, तो तर माझा धंदाच आहे.

मी हात धुतले आणि तिच्यासमोर फरशीवर जाऊन बसले. अगदी आबा बसायचे तशी, गुडघे वर घेऊन.

"सांग आये," मी म्हटलं. "आता मी देते हुंकार."

आईनं खोवणी बाजूला ठेवली. माझ्याकडं नीट बघितलं.

"हितं?" ती म्हणाली. "हितं तुला बगाय कोन हाय?"

आणि खोबऱ्याची वाटी घेऊन ती उठली.

मला तिचा इतका राग आला की कानशिलं तापली. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. रात्री जेवले नाही. सकाळी उठले तरी राग होता तिथंच होता. तेव्हा मी अंघोळ केली, दोघींना तयार व्हायला सांगितलं आणि रिक्षा बोलावली. आई म्हणाली, मी काय सांगणार न्हाय. मी म्हटलं, तुला सांग म्हणतंय कोण? बघायला माणसं लागतात ना तुला, चल दाखवते.

मेळ्याचा दुसरा दिवस, पण लोक आदल्या दिवशीचेच होते. आम्हाला बघून कुजबुज झाली. पिवळ्या टी-शर्टवाली पोरगी दारातच बावरली. मी तिसऱ्या रांगेत, त्याच खुर्चीवर, जाऊन बसले. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला राजनंदिनी, केस पुढं घेऊन तोंड लपवलेली, पण आलेली.

स्टेजवर बार्शीकडचा एक तरुण शिक्षक होता, जोतिराम नाव पुकारलं. माइकची दांडी त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. माझी त्याची ओळख ना पाळख. तो म्हणाला, "एका गावात एक कोल्हा होता आणि तो कधी चोरून ऊस खायचा नाही." आणि श्वास घ्यायला थांबला.

"हं," मी म्हटलं.

सगळ्या माना वळल्या. एकूण एक. मला वाटलं होतं त्याहून वाईट होतं ते, तोंडावर गरम पाणी टाकल्यासारखं. पहिल्या रांगेतून मॅडमनी वळून बघितलं. शरणबसव कडेला उभा होता, त्याच्या कपाळावर आठ्या. तो शिक्षक गोंधळला, पुढचं वाक्य विसरला, मग आठवलं. तो कोल्हा शेतकऱ्याला विचारून ऊस घ्यायचा, म्हणाला.

"हं?" मी म्हटलं.

पिवळी पोरगी पाटी घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मावशी, प्लीज, म्हणाली. मी मान बाजूला काढून स्टेजकडं बघितलं आणि तिच्या खांद्यावरून तिसरा हुंकार दिला. माझे हुंकार काही चांगले येत नव्हते. रागानं भरलेले होते, दटावल्यासारखे बाहेर पडत होते. पण चौथ्या-पाचव्या वाक्याला त्या पोरानं माइकची दांडी सोडली. तो मला सांगायला लागला. कागदावर नसलेलं काहीतरी सांगायला लागला असावा, कारण कडेला शरणबसव हातातली प्रत उलटीपालटी करत होता. सात मिनिटांनी घंटा वाजली. कोल्हा तेव्हा भर फडात होता. शिक्षकानं माझ्याकडं बघितलं, मी 'हं' म्हटलं, आणि तो पुढं गेला.

गोष्ट संपली तेव्हा माझं पोलकं घामानं चिकटलं होतं. मी आईकडं बघितलं नाही. तीच म्हणाली.

"चार जागी चुकलीस."

"कुटं?"

"आसं सांगून कळत न्हाय," आई म्हणाली. "गोष्ट लावाय लागती."

वर शरणबसव पुढच्या बाईंची ओळख करून देत होता, त्यांना मिळालेले पुरस्कार वाचत होता. आई खुर्चीतच माझ्याकडं वळून बसली, पाय वर घेऊन मांडी घातली. तिनं आवाज खाली आणला नाही. माळावर पलीकडच्या वाड्यावर ऐकू जावा इतका तिचा मूळचा आवाज आहे, तोच तिनं लावला.

"एक हुतं माळरान," ती म्हणाली, आणि थांबली.

पिवळी पोरगी पाटी घेऊन परत निघाली होती. मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि आईही बघत होती.

"हं," मी म्हटलं.

"त्या माळावर एक बाई कोकरू हुडकत निगाली," आई म्हणाली. शरणबसव माइकवर काहीतरी सांगत होता. काय, ते मी ऐकलं नाही.